चाळीस सकाळी

सासरी आल्यावर दुसऱ्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण खोकला राहिला आणि पायांत बळ उरलं नाही. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, काढा सांगितला आणि उठता उठता म्हणाले, हिला चाळीस दिवस सकाळची मोकळी हवा द्या, तळ्यापर्यंत चालवा.

आमचं घर नवी पेठेत, कापडाच्या दुकानामागं. आभाळ दिसायचं ते न्हाणीजवळच्या चौकातून, परातीएवढं. चौथीत मोकळ्या हवेच्या फायद्यांवर एक धडा होता. तो मी खिडक्या लावलेल्या वर्गात घडाघडा म्हणून दाखवला होता. त्या हवेची खरी ओळख व्हायला तापाचं निमित्त लागलं.

कामाशिवाय सुनेनं रस्त्यानं चालायचं, हे घरात कुणालाच रुचलं नाही. सासऱ्यांनी वैद्यबुवांच्या शब्दाखातर होकार दिला, पण चाळीस म्हणजे चाळीस, असंही सांगून ठेवलं. सासूबाई माझ्यासोबत येणार असं ठरलं. परत आलो की त्या चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायच्या.

माघ महिना होता. आम्ही निघायचो तेव्हा दुकानांच्या फळ्या बंद असायच्या आणि गिरणीचा भोंगा धुक्यातून यायचा, लांबच्या रानात गाय हंबरावी तसा. तळ्याशी पोचलो की पाणी आणि धुकं एक झालेलं असायचं. मधलं देऊळ त्यात तरंगताना दिसायचं. मला वाटायचं, डोळे मिटले तर ते हळूच दुसऱ्या काठाला जाऊन लागेल. पाणकावळे दगडांवर पंख पसरून उभे असायचे, वाळत घातलेल्या लुगड्यांसारखे. मी पायरीवर बसून नुसती श्वास घ्यायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, मीही नाही. पण ते गप्प बसणं घरातल्या गप्प बसण्यासारखं नव्हतं.

परतीच्या वाटेवर, किल्ल्याच्या अंगाला, लिंबाचं वीतभर रोप होतं. शेळ्यांनी त्याचा शेंडा खाल्लेला. एक दिवस सासूबाईंनी काही न सांगता बाभळीच्या काट्या ओढून आणल्या आणि भोवती कुंपण केलं. हाताला काटे लागले ते पदराला पुसले. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून तांब्या घेऊ लागल्या. तळ्याचं पाणी रोपाला घालताना त्या त्याच्याशी कानडीत बोलायच्या. त्यांचं माहेर मैंदर्गीचं. आमच्याशी मराठी आणि झाडाशी कानडी. "नीर कुडी," म्हणायच्या. पाणी पी. इतक्या मऊ आवाजात त्या घरात कधी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

शेजारच्या काकूंनी एकदा दारातच गाठलं.

"सून लई फिरायला लागली की. मडम करताय काय तिची?"

"मडमेला छत्री लागती," सासूबाई म्हणाल्या. "हिला पदर पुरतो."

महिन्याभरात मी अर्ध्या भाकरीवरून दीडवर आले. रात्री झोप लागायची ती धुक्यासारखी, सगळीकडून. आणि तेच भय होतं. मी बरी होत होते. भिंतीवर तीस रेघा झाल्या, मग बत्तीस. मला त्या मोजवेनात. चौतिसाव्या दिवशी भाकरी थापताना आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी शेवटची रेघ बोटानं पुसली. दुसऱ्या दिवशी तळ्यावरून आलो, नवी रेघ ओढून झाली, तरी भिंतीवर चौतिसाऐवजी तेहतीसच भरल्या. मी दोनदा मोजल्या. वाटलं, आपलंच गणित चुकलं.

पण रेघांनी दिवस थांबले नाहीत. सासऱ्यांनी पंचांगावरून दिवस धरले होते. चाळिसाव्या दिवशी वैद्यबुवा आले. सासरे उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, आता बरी दिसते, पुरे झालं. मला खोटं बोलता येत नव्हतं, आणि थोरांसमोर तोंड तरी कुठं उघडत होते. मी पदर तोंडाला लावला आणि खोकले. पुन्हा एकदा खोकले.

वैद्यबुवा सासूबाईंकडे वळले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपुढं माझा खोकला घशातच विरला.

"हिला घरातच खोकला येतो बघा," त्या म्हणाल्या. "तळ्यावर न्हाय येत. एकदा पण न्हाय."

आपली चोरी सांगितली, असं वाटून मी मान खाली घातली. वैद्यबुवांनी थोडा विचार केला. मग सासऱ्यांना म्हणाले, तसं असेल तर हवा बंद करून चालणार नाही, चालू द्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. सासरे दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठले तर चुलीजवळची भिंत ओली होती. पांढऱ्या मातीनं पोतारलेली. एकही रेघ नव्हती. सासूबाई दाराशी तांब्या घेऊन उभ्या होत्या. हाताच्या कोपरापर्यंत माती वाळली होती.

"आता घरात खोकायचं पुरे कर," त्या म्हणाल्या. "चल, रोप तहानलंय."

त्या दिवशी लिंबाला पाणी मी घातलं. कुंपणातून हात आत घातला, आणि माझ्या तोंडून आपोआप कानडी आली. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, तळ्याकडे तोंड करून. त्यांनी ऐकलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.