नऊ टाचण्या

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी आहे." अ‍ॅशबर्नला, म्हणजे अमेरिकेत आलो, डेटा सेंटरच्या नोकरीत मुरलो, पण भिंगरी काही सुटली नाही. त्या रविवारी तर ती जास्तच गरगरत होती. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या लेकीचं सायन्स फेअर. ती विद्युतचुंबक करणार आणि मदतनीस मी, नागपूरचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर! नाक कापलं जाऊ नये, एवढीच इच्छा.

प्रयोग सोपा. लोखंडी खिळ्याला प्लास्टिकच्या वेष्टणाची तांब्याची तार गुंडाळायची, सोललेली टोकं बॅटरीला जोडायची. वीज वाहिली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, खिळा चुंबक होतो, टाचण्या उचलतो. वीज तोडली की टाचण्या गळून पडतात. वेढे वाढवले की चुंबकाचा जोर वाढतो. हे मी परीक्षेत इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही सांगेन.

दहा वेढ्यांना सहा टाचण्या आल्या, विसाला तेरा. तीस वेढे जोडल्यावर मी येरझाऱ्या घालत, मूठ आवळून, तिला चुंबकाची दिशा सांगणारा उजव्या हाताचा नियम समजावत राहिलो. बराच वेळ. मग तिने खिळा टाचण्यांत बुडवला. नऊ.

"एकोणीस लिही," मी म्हणालो.

"बाबा, पण नऊच आल्या ना."

"सहा, तेरा, म्हणजे आता एकोणीसच यायला हव्यात. थिअरी आहे ती."

"बट दॅट डिडन्ट हॅपन."

कॉलेजात आम्ही प्रॅक्टिकलचं जर्नल सीनिअरच्या जर्नलवरून उतरवायचो. उत्तर आधी, रीडिंग मागाहून. मला तर डिस्टिंक्शन मिळालं. त्यात काही खोटं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. लेकीने पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं. माझं कुठलंही बोलणं यापुढे ती तपासून घेईल, हे कळलं. आणि राग तिच्यावरच काढला. "बरं, तुझं तू बघ," म्हणून उगाच कचरा टाकायला बाहेर गेलो.

परत आलो तर ती बॅटरी हातात धरून बसली होती. "फील धिस, बाबा. केवढी गरम झालीये!" तिने नवी बॅटरी घेतली, क्षणभरच जोडली. सतरा टाचण्या. एकोणीस तरीही नाहीच.

सोमवारी शाळेच्या जिममध्ये तिचा तक्ता लागला. तिसऱ्या ओळीत दोन्ही आकडे होते, नऊ आणि सतरा. आमच्या जर्नलमध्ये शेवटी 'चुकांची कारणं' असायची. तीही मी उतरवूनच काढायचो. तिच्या तक्त्यावर त्या जागी गोल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: माझे बाबा बोलत राहिले, तार जोडलेलीच राहिली, बॅटरी उतरली.

टीचर वाचून हसल्या. "हे बाबा आलेत का इथे?" त्यांनी विचारलं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला.