चामडं नको म्हणून घेतलेली पर्स

चौथीच शिकले, त्यामुळे शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात पिशव्या विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पायातल्या चपलांकडे बघतो. प्रत्येक वाक्यामागे ‘हाव की न्हाई’ लावतो. मला तो कधी खरा वाटला नाही.

लातूर जिल्हा झाला आणि माझी लेक सुमन नव्या कलेक्टर कचेरीत लागली. तिला पर्स हवी होती. त्या वर्षी दुष्काळात जनावरं मेली, चामडं स्वस्त झालं. चामड्याची पर्स चाळीस रुपये, मुंबईच्या बड्या कंपनीची कॅनव्हासची नव्वद. पण आमच्या समाजाने मेलेली ढोरं ओढायचं सोडल्यापासून सासऱ्यांनी घरात चामडं येऊ दिलं नव्हतं.

“कापडाला एवढे?” मी त्या पिशवीवाल्याला विचारलं.

“नावाचे पैसे हायत, आक्का. चामडं नको तुमाला, हाव की न्हाई?”

“मग हे पट्टे कसले?”

“रेक्झीनचे.”

माझी अडचण ओळखून त्याने भाव लावला, असं वाटलं. तरी घेतली. सासरे ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे.

महिन्याने त्याने मला रस्त्यात हाक मारली. “आक्का, पट्टे चामड्याचे हायत. मला ठाऊक होतं.”

“मग आता कशाला सांगताय?”

तो माझ्या चपलांकडे बघायला लागला. सुमन कचेरीत आहे म्हणून घाबरला असेल, असं मला अजून वाटतं. सासऱ्यांना न सांगता मी पर्स परत नेली. तिचे कोपरे मळले होते, तरी त्याने नव्वदच्या नव्वद रुपये माझ्या हातावर ठेवले.