नानांच्या पुढची जागा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मुंजीत फोटो काढत होते. बटू आईच्या ताटात जेवत होता, आईचे डोळे भरलेले... आणि आता माझेही. तरी बटण दाबण्याआधी नजर चारही कडांवरून फिरलीच. डावीकडून कुणाचा तरी कोपर घुसला होता. जरा सरकले, फोटो काढला, मग भिंतीशी जाऊन बसले.

आधी कडा, मग चेहरा... हे नानांनी शिकवलेलं. आठवीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन सांगलीकडून ग्वाल्हेरला आले आणि नई सडकवरच्या त्यांच्या स्टुडिओत कामाला लागले. त्यांनी कॅमेरा हातात दिला, तर भीतीपोटी मी प्रत्येकाला अगदी मधोमध धरायची. "अगं, सगळ्यांना आधार कार्डावर का बसवतेस?" नाना ओरडायचे. "माणूस जिकडे बघतोय तिकडे जागा सोड. बेचाऱ्याला बघायला काही ठेवशील की नाही?" एका दुपारी ते काउंटरवर चहा पीत रस्त्याकडे बघत होते. मी त्यांना उजव्या कडेला घेतलं, पुढे सगळी नई सडक मोकळी सोडली... आणि काय सांगू, फोटो जिवंत झाला! मी नाचायचीच बाकी होते. नाना बघत राहिले. म्हणाले, "चल, आता मला विचारायचं बंद कर."

तेराव्यासाठी काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तोच फोटो निवडला. फ्रेमवाला म्हणाला, "दीदी, इधर तो सब खाली है। काट दूँ? अंकल बीच में आ जाएँगे।" नानांच्या घरातले पुरुषही म्हणाले, हार घालायला मधोमधच बरं. या मोठ्या माणसांपुढे मी कधी तोंड उघडलेलं नाही. माहेर इतकं लांब, माहेरासारखं हेच घर तुटलं तर जाऊ कुठे? तरी बोलून गेले, "कापायचं नाही. ती जागा नानांची आहे."

मग काकू रडतारडता हसल्या. "राहू दे रे तसाच. मधोमध बसवलं तर हे उठून जातील!"

आता फोटो स्टुडिओत आहे. मोकळी जागा झाकली जाऊ नये म्हणून हार लहान घालते. नानांची नजर थेट दारावर जाते. सकाळी शटर उघडलं की मध्ये आलेलं स्टूल, पिशवी, जे असेल ते आधी बाजूला करते... आणि पहिलं गिऱ्हाईक आत येतं, सरळ नानांच्या फोटोत.