त्या दगडांवर पाय ठेवणाऱ्या साहेबांबद्दल

आज सकाळच्या फेरीत मी एका पर्यटकावर ओरडलो. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच लिहितो.

मी जंगलात गाइड आहे. आमच्या बफरच्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या रस्त्यालगत दगडांचा एक ढीग आहे. वाघाने माणूस मारला त्या जागेवरून जाताना आमच्याकडे प्रत्येक जण एक दगड ठेवतो. गाडीतून उतरायला मनाई आहे, म्हणून आमचे जिप्सीवाले सुधाकरभाऊ गेटबाहेरून दगड आणतात आणि बसल्या जागेवरून हळूच टाकतात. ही प्रथा मी पर्यटकांना नेहमी समजावून सांगतो.

आज ती ऐकून एक साहेब खूश झाले. "म्हणजे हा वाघाचा स्पॉट! थांबा इथेच." मी नको म्हणेपर्यंत ते उतरले, ढिगावर पाय ठेवला आणि बायकोला म्हणाले, "काढ फोटो."

सुधाकरभाऊ एवढंच बोलले, "साहेब, पाय काढा. मोहाची फुलं वेचताना माही माय इथीच गेली."

साहेब हसले. "चांगली स्टोरी आहे. सगळ्यांना हीच सांगता का?"

तेव्हा मी ओरडलो. "उतरा त्याच्यावरून! नाई तं इथीच सोडून जाऊ!"

गेटवर त्यांनी तक्रार केली. उद्या मला कार्यालयात बोलावलं आहे. पर्यटक गाडीतून उतरला, ही चूक माझी. ती मान्य करीन. ओरडल्याची माफी मात्र मागणार नाही, काम गेलं तरी.

तुमच्या आईच्या चितेच्या जागेवर पाय ठेवून मी फोटो काढला, तर तुम्ही मला साहेब म्हणाल का?