चिंचहळ्ळीचा दसरा आणि माझे एक खोटे वाक्य

सरदार-जहागीरदारांवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने एखादा सरदार निदान लांबून तरी पाहिलेला असणार, अशी लोकांची भाबडी समजूत असते. मी पाहिला नव्हता. मी सोलापुरात एका हायस्कुलात इतिहास शिकवतो, सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत राहतो. सरदारांशी माझा सर्वांत जवळचा संबंध आला तो एका नाटकाच्या वेळी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि सेनापतीच्या हातातली तलवार निसटून माझ्या पायावर पडली. तलवार लाकडी होती. तरी मी आठ दिवस लंगडलो.

एवढ्या अनुभवाच्या जोरावर गेल्या वर्षी मी एका मासिकात ‘मानी माणसे’ हा लेख लिहिला. त्यात चिंचहळ्ळीच्या थोरल्या रावसाहेबांची गोष्ट होती. चिंचहळ्ळी हे अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या काठावरचे लहानसे जहागिरीचे गाव. तिथल्या थोरल्या रावसाहेबांचे आणि एका गोऱ्या साहेबाचे पगडीवरून काहीतरी झाले होते, एवढेच मी एका लग्नाच्या पंगतीत ऐकले होते. बाकीचे मी रचले. साहेब म्हणतो, “पगडी काढून बोला!” रावसाहेब गरजतात, “डोके उतरेल, पगडी उतरणार नाही!” हे वाक्य सुचले तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला ऐकवले. ती म्हणाली, “छान आहे. दळण आणायचंय.”

बायकोने केली नाही ती कदर जगाने केली. शाळेच्या संमेलनात ते वाक्य टाळ्यांत म्हटले गेले. वाचनालयात माझे व्याख्यान झाले. आणि भाद्रपदात जाड कागदावरचे एक पत्र आले. चिंचहळ्ळीचे हल्लीचे तरुण रावसाहेब लिहीत होते, की दसऱ्याच्या दरबारात आपण ती गोष्ट आपल्या तोंडून सांगावी, आपला शालजोडी देऊन सत्कार करण्याचे योजले आहे. सोबत कुटुंबासही आणावे, आमच्या आजी आईसाहेब यांची तशी इच्छा आहे.

पुढचे पंधरा दिवस मी घरात दरबारी रीतीने वावरलो. नाटक मंडळीच्या कपडेपटावरून एक पगडी मागून आणली. ती कुणा प्रधानाची होती आणि त्या प्रधानाचे डोके माझ्यापेक्षा बरेच मोठे असावे. आरशापुढे मुजऱ्याचा सराव केला. पहिल्याच दिवशी कोपर फडताळाला लागून लोणच्याची बरणी फुटली. दुर्गाने, म्हणजे माझ्या बायकोने, शांतपणे काचा वेचल्या आणि विचारले, “सरदार लोक मोकळ्या जागेत वाकत असतील, नाही?”

ज्यांना त्या बाजूला जायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो. सोलापुराहून सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गाचे भाडे काही आण्यांचेच. होटगीला गाडी बराच वेळ थांबते, तिथे चहा घेऊ नये, केळी घ्यावीत. मी चहा घेतला. पुढे अक्कलकोट स्टेशनात उतरावे. स्टेशनापासून गाव लांब आहे हे नावावरून कळत नाही, तेव्हा टांगा किंवा सर्व्हिस मोटार ठरवूनच पाय बाहेर काढावा. आमच्यासाठी रावसाहेब मोटार धाडतील असा माझा कयास होता. धाडली होती ती छकडागाडी. हाकणारा बिराप्पा नावाचा साठीचा धनगर, खांद्यावर घोंगडे, तोंडात पान.

“सोलापूरचं मास्तर तुमीच न्हवं?” त्याने विचारले.

“मीच,” मी पगडीची पेटी छातीशी धरून म्हणालो.

“मग बसा की. लई लांब न्हाय. तीन तास.”

काळ्या रानातून रस्ता जातो. शाळू नुकताच पेरलेला, बांधावर तूर फुलावर आलेली. चाकाच्या प्रत्येक गचक्याला मी माझे भाषण मनात एकदा म्हणत होतो, त्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी पाठ झाले. वाटेत एका विहिरीवर आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मी बिराप्पाला थोरल्या रावसाहेबांविषयी विचारले. तो म्हणाला, “देवमाणूस. आमच्या घरात देवाऱ्यावर त्यांच्या नावाचा टाक हाय.” मला वाटले, वाक्याचा प्रभाव इथवर पोचला म्हणायचा.

संध्याकाळी पोचलो. रावसाहेबांचे घर दगडी, चांगले राखलेले. सदरेवर पाऊल टाकले आणि मी जागीच थबकलो. समोरच्या भिंतीवर तांबड्या मखमलीवर जरीने भरले होते: ‘डोके उतरेल, पगडी उतरणार नाही.’ माझे वाक्य. खाली थोरल्या रावसाहेबांचे नाव.

तरुण रावसाहेब पंचविशीचे, पुण्याला शिकलेले, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारे आणि फार सभ्य गृहस्थ. त्यांनी मला स्वतः पाट मांडून बसवले. म्हणाले, “मास्तर, उद्या मोठमोठ्या संस्थानांची माणसं येतील. दरवर्षी येतात आणि आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. आमच्याकडे दोनच हत्ती होते, तेही पणजोबांनी विकले. पण असं वाक्य त्यांच्यातल्या एकाच्याही घराण्यात नाही.”

मी मान डोलावली. त्या क्षणी मी खरे सांगायला हवे होते. पण पाटाभोवती रांगोळी होती.

दसऱ्याच्या सकाळी आईसाहेबांचे बोलावणे आले. आईसाहेब सत्तरीच्या, गोषातल्या. दुर्गाला “बर्री, बर्री”, या या, असे कानडीत म्हणत आत नेले आणि मला चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याबाहेर सतरंजीवर बसवले. मी मोकळ्या जागेत यथास्थित मुजरा केला. आतून दुर्गाचा खोकल्यासारखा आवाज आला.

“मास्तर,” पडद्यामागून आईसाहेब म्हणाल्या, “तुमची गोष्ट मी नातवाकडून दोनदा वाचून घेतली. लई छान लिवलीया. पण माझ्या सासऱ्यांनी पगडी काढली हुती.”

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली.

“त्या मोठ्या दुष्काळात मी चौदा वर्षांची हुते. रानात गवताची काडी न्हवती. गावच्या सात धनगरांनी सरकारी कुरणात मेंढरं घातली. साहेबानं सातांनाबी धरलं, दोरखंड लावून चालवलं. साहेबाचा तंबू आमच्या आंब्याखाली हुता. सासरे साहेबाकडं गेले. साहेब ऐकंना. तवा त्यांनी पगडी काढली आन् साहेबाच्या बुटावर ठिवली. मी वरच्या खिडकीतनं बघितलं. सगळ्या गावानं बघितलं.”

“मग?” दुर्गाने विचारले.

“सोडली की माणसं. मेंढरं काय समदी वाचली न्हाईत.”

“आणि घरी आल्यावर ते काय म्हणाले?”

“काय म्हणतील? जेवायला बसले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हत्ती गेल्या महिन्यातच विकलं हुतं धान्यासाठी, पगडी तेवढी ऱ्हायली हुती.”

मी म्हणालो, “आपण रावसाहेबांना हे सांगितलं नाही?”

“सांगितलं. त्याला वाटतं, म्हातारीला आटवत न्हाय. तुमचं छापलेलं हाय, माझं तोंडचं.” मग त्या म्हणाल्या, “मी रागावले न्हाय, मास्तर. पण जे केलं त्याची लाज वाटावी आन् जे केलंच न्हाय ते जरीनं भरावं, हे बरं न्हवं.”

बाहेर आल्यावर मी दुर्गाला कारणे सांगू लागलो. यजमानांचा विरस होईल. पाहुण्यांत त्यांची नाचक्की होईल. इतिहासात काव्याला थोडी जागा असते. शिवाय, शालजोडी. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, “तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच पुसा. मी काय मखमल उसवत बसू?”

दरबार दुपारी भरला. एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला गावचे मानकरी, आणि पायऱ्यांच्या खाली अंगणात बाकीचे गाव. सदरेच्या आतल्या बाजूला चिक सोडलेला. भालदाराने माझे नाव पुकारले. मी पुढे गेलो आणि मुजरा केला. पहिला ठीक झाला. दुसऱ्याला पगडी कानांवर आली. तिसऱ्याला ती सुटली, घरंगळत गेली आणि रावसाहेबांच्या जोड्यापाशी जाऊन थांबली. वर भिंतीवर लिहिले होते, पगडी उतरणार नाही.

सगळा दरबार हसला. पाहुण्यांतला एक जण तर डोळे पुसू लागला. ती पगडी उचलायला मी वाकलो आणि तसाच राहिलो, कारण हसत नव्हते ते फक्त रावसाहेब. त्यांचे कान लाल झाले होते. ते माझ्याकडे अशा विनवणीने पाहत होते, की मास्तर, आता ते वाक्य म्हणा आणि सावरा.

मी उघड्या डोक्याने उभा राहिलो. पाठ केलेले भाषण होटगीच्या चहाबरोबर कुठेतरी गेले होते. मी म्हणालो, “भिंतीवरचं वाक्य थोरल्या रावसाहेबांचं नाही. माझं आहे. मी ते घरी बसून रचलं.” मग आईसाहेबांनी सांगितले ते सांगितले. नीट सांगितले नाही. सात धनगरांचे एकदा नऊ झाले, कुरण आणि तंबू उलटसुलट झाले. ‘बुटावर’ म्हणताना माझा आवाज चिरकला. पण सांगितले.

एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, “म्हणजे पाय धरले म्हणा की!”

तेव्हा अंगणातून आवाज आला. बिराप्पा उठून उभा राहिला होता. “व्हय, धरलं,” तो म्हणाला. “त्या सातांत माझा बा हुता. मी तवा बाच्या मागनं रडत चाललो हुतो. तुमच्यापैकी कुणाचं आजं-पणजं कुणा धनगरापायी वाकलं असंल तर सांगा, त्याचाबी टाक करून पुजतो.”

पाहुण्याने पानदानाकडे हात नेला.

रावसाहेबांनी माझी पगडी उचलली, माझ्या हातात दिली आणि “बसा” एवढेच म्हणाले. सत्काराचा उल्लेख झाला नाही. पुढे आपट्याची आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पाने वाटायची वेळ आली. त्या घराण्यात पहिले पान धनगराच्या हातून घ्यायची चाल आहे. का, हे कुणाला माहीत नव्हते. बिराप्पा पायऱ्या चढून आला. “बन्नी घ्या, सोन्यावानी ऱ्हावा,” म्हणाला. इतर वेळी रावसाहेब बसूनच हात पुढे करत असत, असे मला नंतर कळले. त्या दिवशी ते उठले. बस, इतकेच झाले. ते वाकले की नाही याविषयी मी आणि दुर्गा अजून भांडतो. इतिहासाच्या मास्तराच्या डोळ्यांदेखत घडले, तरी मला छातीठोक सांगता येत नाही.

दुसऱ्या सकाळी निघताना रावसाहेब भेटले नाहीत. आईसाहेबांनी दुर्गाच्या ओटीत शेंगापोळ्या घातल्या. सदरेवरून जाताना पाहिले, मखमल उतरवलेली होती. भिंतीवर चौकोनी डाग होता. मला वाईट वाटले. अक्षर फारच सुरेख भरले होते.

परतीच्या वाटेवर बिराप्पाने भाडे घेतले नाही, तर आग्रह करू नये. तो रागावतो.

सोलापुरात आल्यावर मी मासिकाकडे दुरुस्ती पाठवली. संपादकांनी कळवले, वाचकांना आधीचेच आवडले होते. तरी त्यांनी ती छापली, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. वाचनालयातल्या माझ्या पुढच्या व्याख्यानाला अकरा जण आले. त्यांतले चार पावसामुळे आत शिरले होते. मुले अजून ते वाक्य म्हणतात. मी दरवेळी थांबवून खरे सांगतो आणि ती दरवेळी हिरमुसतात.

प्रवासातून काय उरले, असे विचाराल तर एक गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या नरसम्माचा हात मोडला. तिला कमी करायचे ठरले. पूर्वीचा मी असतो तर घरी येऊन ‘गरिबांचा कैवार’ असा लेख लिहिला असता आणि हेडमास्तरांपुढे ताठ मानेने गप्प बसलो असतो. त्या ताठ मानेला मी आजवर स्वाभिमान म्हणत आलो. या वेळी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सरळ गयावया केली. ते म्हणाले, “तुम्ही इतिहास शिकवा.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर अर्धा तास उभे केले, येणारे-जाणारे मास्तर बघत होते. शेवटी, हात बरा होईपर्यंत तिच्या सुनेने पाणी भरावे, असे ठरले.

घरी आलो. दुर्गाने ताट वाढले. मी जेवत राहिलो. ती जास्तीची दुसरी भाकरी वाढायला वाकली आणि म्हणाली, “आज तुम्हाला भूक लागलीय.”