सवाल पूरा होऊ दे

दादाला कुणी ‘चहा घेणार का’ असं विचारलं तरी तो चटकन ‘हो’ म्हणत नसे. विचारणाऱ्याचं बोलणं खरोखर संपलंय, मागून ‘की लस्सी?’ असं काही येत नाही, याची खात्री झाली की मगच तोंड उघडायचा. असा माणूस आमच्या कॉलेजच्या क्विझ टीमचा कप्तान होता. आणि क्विझमध्ये तर जो आधी बझर दाबेल त्याचं राज्य.

ही सवय घरची. ब्रह्मा घाटावर त्यांची वेदपाठशाळा. वडील संथा देत असताना कुणी मध्येच बोललं तर ते रागवत नसत, फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यापायी लहानपणी जेवणं लांबली, की पोर जन्मभरासाठी गप्प ऐकायला शिकतं. माझे बाबा बँकेतल्या बदलीनं काशीत आलेले, त्यामुळे मला या शिस्तीचं हसू यायचं. टीममधले बाकीचे दोघे त्याला ‘गुरू’ म्हणत. मी मराठी, म्हणून माझा तो दादा.

कॉलेज सुटलं की अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर तो आमची तयारी घ्यायचा. मी उतावळी. अर्ध्या प्रश्नालाच उत्तर ठोकून द्यायचे. ते बरोबर असलं तरी तो मान हलवायचा.

“सवाल पूरा होऊ दे गं. आधा ऐकून दिलेला जवाब खरा निघाला, तरी तुक्काच.”

त्या हंगामात हे थांबणंच आम्हाला फळलं. लखनौला काय, पाटण्याला काय, समोरचे धडाधड बझर दाबायचे, चुकायचे, गुण घालवून बसायचे. मग उरलेला प्रश्न आमच्यासाठी वाचला जायचा आणि दादा शांतपणे उत्तर द्यायचा. असं करत आम्ही दिल्लीच्या अंतिम फेरीत पोचलो. वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, टीम जिंकली तर दिल्लीत एम.ए. कर, नाहीतर पदवी झाली की पाठशाळेत बस. तो दिल्लीचं नाव काढायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा.

टीमच्या सरांना मात्र त्याचं थांबणं बघवत नसे. ऐन निघायच्या आधी त्यांनी दादाला वगळलं आणि आपल्या नात्यातला एक मुलगा घेतला, का तर त्याचा हात चलाख. आम्ही भांडलो. सर म्हणाले, टीम मी निवडतो. दादानं त्यांचं सगळं बोलणं नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर स्टेशनवर आम्हाला पोचवायला आला, आईनं केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन. त्या पुऱ्या सरांनीही खाल्ल्या. मला अजून त्यांचा राग येतो आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

अंतिम फेरीत शेवटच्या प्रश्नापर्यंत बरोबरी होती. निवेदक वाचू लागले, रघुनाथराव पेशव्यांचा मुलगा... आणि आमच्या चलाख हातानं बझर दाबला. “दुसरा बाजीराव.” चूक. मग निवेदकांनी उरलेला प्रश्न समोरच्या टीमसाठी वाचला, की दत्तक घेतलेला आणि पुढे काशीत येऊन घाट बांधणारा मुलगा कोण. ज्या पायऱ्यांवर बसून आम्ही तयारी केली, त्यांचंच नाव दुसऱ्यांनी सांगितलं आणि कप नेला. सर म्हणाले, नशीब.

परत आल्यावर मी हे दादाला सांगितलं. पूर्ण ऐकून झाल्यावर त्यानं “अमृतराव” एवढंच हळूच म्हटलं. मी त्याच्या वडिलांकडे गेले, दादा टीममध्ये नव्हताच, तो कुठे हरला, असं त्यांना म्हणाले. टीम हरली म्हणजे हरली, असं म्हणून ते आत गेले. दादा पाठशाळेत बसला.

यंदा कार्तिकात तो मला पंचगंगा घाटावर भेटला. यजमानाचा संकल्प सांगून नुकताच मोकळा झाला होता. अंगानं सुटलाय, केस पिकलेत. मुलाबाळांचं, आईच्या गुडघ्यांचं विचारून झालं. मग मला राहवलं नाही.

“दादा, तुला कधी वाटतं का, त्या वर्षी तू दिल्लीला...”

“नाही,” तो म्हणाला, आणि पायऱ्या चढायला लागला.

माझा प्रश्न अजून संपला नव्हता.