पुलियावरची बैठक

दादा गेल्याचं मला आम्हा दोघांच्या पोलाद कारखान्यात, क्रेनवर असताना कळलं. खालून कुणीतरी हात हलवून उतरायला सांगत होतं... दुर्गच्या रस्त्यावर फिरायला गेलेला माझा थोरला भाऊ चालता चालता कोसळला होता. त्याला आता महिना झाला. चालल्याने गेला की माझ्यामुळे, हा प्रश्न मला सोडत नाही.

त्याला साखरेची बिमारी निघाली तेव्हा डॉक्टरांकडे मीही सोबत होतो. "रोज चाला. साखर आटोक्यात राहील, हृदयालाही बरं. पण छाती भरून आली तर थांबा आणि मला येऊन सांगा." बाहेर येताच दादा म्हणाला, "दिवसभर भट्टीपाशी घाम गाळतो, आनखीन फिराले कावून लागते?" तरी जाऊ लागला.

मला मात्र संशय. तासभर चालून आलेल्या माणसाचा सदरा कोरडा कसा? आम्ही भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं; घाम दिसला तरच मेहनत झाली म्हणायची. त्यात दादा जिलबीचा जन्माचा शौकीन. तो आला की वहिनी त्याची बोटं हुंगायच्या. एका संध्याकाळी मी गुपचूप मागे गेलो. जिलबीच्या हॉटेलासमोर नाल्यावरच्या पुलियावर, म्हणजे छोट्या पुलाच्या कठड्यावर, स्वारी निवांत बसलेली! चोर पकडल्याच्या थाटात मी घरी सांगितलं. वहिनी कडाडल्या, "लेकरायकडे तरी पाहा जरा!" दादाने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाला, "बरं, आता नाही बसत."

खरंच बसला नाही. रोज सदरा भिजवून यायचा आणि मी खूश व्हायचो. पंधरा दिवसांत गेला.

तेरवीनंतरही माझा संशय मेला नव्हता. हॉटेलवाल्याला जाऊन विचारलं. "जलेबी? कभी नहीं। पानी माँगते थे, छाती पकड़के बैठते थे। कहते थे, घर में मत बताना, भट्टी से हटा देंगे।" घरी कळलं की डॉक्टरांना, मग कारखान्याला कळणार; भट्टीवरून काढून हलकं, कमी पगाराचं काम देतील, याचीच त्याला धास्ती. मला सांगितलं असतं तर... पण मी विचारलं कुठे होतं? मी तर पकडायला गेलो होतो. घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं.

तपासल्यावर मलाही साखर निघाली. आता त्याच रस्त्याने मी चालतो. परवा परत आलो आणि दादा करायचा तसा वहिनींपुढे हात केला. वहिनींनी बोटं हुंगली नाहीत.

"पुलियावर बसले होते का, भाऊजी?"

"हो."

"बसत जा," त्या म्हणाल्या.